पाठ अकरामधील ताई हयात असल्याबाबत

प्रति,
मा. विशेष अधिकारी (भाषा),
पाठ्यपुस्तक निर्मिती कार्यालय,
तिसरा मजला, खोली क्रमांक ३१४.

विषय : इयत्ता नववीच्या नव्या भाषा-पुस्तकातील पाठ क्रमांक ११, ‘जादा बटण’, याच्या लेखकाचे नाव व शेवट बदलणेबाबत, तसेच मागितलेल्या प्रमाणपत्रावर सही करण्यास नकार देणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र, दि. १८ नोव्हेंबर. २) माझा अर्ज, दि. २४ नोव्हेंबर. ३) माझी दोन स्मरणपत्रे, जी आपल्या कार्यालयात पोचली पण कुणाच्या स्मरणात राहिली नाहीत. ४) आपले उत्तर, दि. २९ डिसेंबर. त्याखालील सही कुणाची, ते वाचता येत नाही.

महोदय,

१. आपल्या कार्यालयाने माझ्याकडे एक प्रमाणपत्र मागितले आहे. मजकूर आपणच टंकून पाठवला असून माझ्या वाट्याला फक्त सही ठेवली आहे. तो मजकूर असा: ‘सदर पाठ हा मूळ लेखकाच्या कादंबरीतील नवव्या प्रकरणाचा मुळाबरहुकूम अनुवाद असून त्यात मी पदरचे काहीही घातलेले नाही, असे प्रमाणित करतो.’ मुदत १५ जानेवारी. त्यानंतर पुस्तक छपाईला जाणार आणि पुढची किमान दहा वर्षे नववीतली सगळी मुले हा पाठ वाचणार. मी या प्रमाणपत्रावर सही करणार नाही. कारण सदर पाठ पहिल्या शब्दापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत माझ्या पदरचा आहे. मूळ कादंबरीत त्यातली एक ओळही नाही. हे मी २४ नोव्हेंबरच्या अर्जात स्वच्छ लिहिले होते. आपण तो अर्ज वाचला असता तर हा दुसरा लिहिण्याची वेळ माझ्यावर आली नसती. पण वाचणे हे आपल्या कार्यालयाचे काम नसून वाचायला लावणे हे आहे, एवढे आता माझ्या लक्षात आले आहे.

२. घडले ते पुन्हा एकदा, सावकाश लिहितो. एकतीस वर्षांपूर्वी माझ्या प्रकाशकाने परभाषेतील एक कादंबरी मला अनुवादासाठी दिली. या प्रकाशकाला आम्ही सगळे ‘दोनदिवस’ म्हणत असू. दुसऱ्याचे काम तो दोन दिवसांत मागायचा आणि स्वतःचे दोन दिवसांनी करायचा. कादंबरीची एकच प्रत होती, जुन्या पुस्तकांच्या दुकानातून उचललेली. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घड्या एकावर एक शिवून बांधतात, हे आपणास माहीत असेलच. नसेल तर कार्यालयाच्या पाटीवरून ‘निर्मिती’ हा शब्द पुसून टाकावा. या प्रतीत बांधणाऱ्याकडून एक घडी राहून गेली होती. पान १२८ नंतर एकदम पान १४५. नेमके नववे प्रकरण गायब.

हे माझ्या लक्षात आले तेव्हा पहिली आठ प्रकरणे छापून झाली होती. दुसरी प्रत समुद्रापारहून यायला चार महिने लागले असते. दोनदिवस मला म्हणाला, ‘सोळा पानांत असं काय आभाळ कोसळणार आहे? मागचं-पुढचं बघा आणि सांधून टाका. दोन दिवसांत द्या.’ मी नाही म्हणायला हवे होते. मी तेव्हा चाळीस वर्षांचा होतो, म्हणजे अक्कल यायचे वय उलटून गेले होते. तरी मी हो म्हणालो.

३. मागे पाहिले तर आठव्या प्रकरणात एक गरीब कुटुंब होते. आई, गोष्ट सांगणारा धाकटा भाऊ आणि त्याची थोरली बहीण. बहीण शाळा सोडून कामाला लागण्याच्या बेतात. पुढे पाहिले तर दहाव्या प्रकरणाची सुरुवात अशी होती: ‘तिला पुरून आम्ही परतलो. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. तिच्या जागेकडे बघायची कुणाची छाती झाली नाही.’ दहाव्या प्रकरणात आई पाणी तापवताना दिसत होती, त्या अर्थी ती शाबूत होती. बहिणीचा मात्र उरलेल्या पुस्तकात कुठेही उल्लेख नव्हता. अशा वेळी कोणताही समंजस माणूस जो निष्कर्ष काढील तोच मी काढला. बहीण वारली.

आता कामाला लागलेली थोरली बहीण म्हटली की मला लांब जायला नको होते. माझी ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिने नववीत शाळा सोडली आणि तयार शर्टांच्या कारखान्यात बटणे लावायला गेली. मी शिकलो. घरात दोघांच्या फीचे पैसे नव्हते, एकाचेच होते, असे मला लहानपणापासून सांगण्यात आले होते. ताई माझा शाळेचा शर्ट अधूनमधून डागडुजीला म्हणून कारखान्यात न्यायची. परत आणायची तेव्हा त्याच्या आतल्या शिवणीत एक जादा बटण टाचलेले असे. एवढे सामान माझ्याजवळ होते. त्यावरून मी दोन दिवसांत सोळा पाने लिहिली. आयुष्यात तेवढे एकच काम मी वेळेत दिले आहे. त्यात मी बहिणीला सोशिक केले, अबोल केले, कापसाची धूळ तिच्या छातीत भरली आणि शेवटी सुई हातात असताना तिला मारले. भाऊ तिच्या उशाखालचा शर्ट उचलतो आणि त्याला आतले बटण सापडते, तिथे प्रकरण संपते. लिहिताना मी रडलो होतो. तेही नमूद करतो, कारण नंतर लोक रडले ते मूळ लेखकाच्या नावाने.

४. दोन वर्षांनी एका ग्रंथपालाच्या कृपेने कादंबरीची धड प्रत माझ्या हाती लागली. पान १२९ ते १४४ मी उभ्यानेच वाचले. मूळ कादंबरीत बहीण दोन महिने नोकरी करते, पाव भाजणाऱ्या एका हसऱ्या माणसाशी लग्न करते आणि दुसऱ्या गावी निघून जाते. तिला चार मुले होतात. मरते ती घरची गाडी ओढणारी म्हातारी घोडी. ‘तिची जागा’ म्हणजे तबेला.

महोदय, त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो नाही, एवढेच सांगतो.

५. मग तेव्हाच का बोलला नाहीत, असे आपण विचाराल. (आपण काहीच विचारत नाही, पण विचारलेत असे धरून चालतो.) तोवर पुस्तकाच्या तीन आवृत्त्या निघाल्या होत्या. एका नामवंत समीक्षकाने लिहिले होते की, मूळ लेखकाची प्रतिभा नवव्या प्रकरणात शिखर गाठते, मात्र अनुवादकाला ते प्रकरण पेललेले नाही. मी तोंड उघडले असते तर अनुवादक म्हणून माझी कायमची छीथू झाली असती आणि लेखक म्हणून कुणी ओळख दिली नसती. तेलही गेले असते आणि तूपही. मी गप्प बसलो. माझ्या प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत मी ताईला नेऊन देतो, असा माझा रिवाज आहे. हे एकच पुस्तक मी तिला दिले नाही. तिने कधी विचारले तर प्रती संपल्या म्हणून सांगायचो.

६. आता आपल्या कार्यालयाच्या उत्तराकडे वळतो. दि. २९ डिसेंबरच्या पत्रात आपण तीन मुद्दे मांडले आहेत.

पहिला : ‘सदर पाठ मूळ पुस्तकात आढळत नसल्यास अनुवादकाने मूळ पुस्तकाची सदोष प्रत पाहिली असावी.’ होय, सदोष प्रत पाहिली म्हणूनच तर हा पाठ जन्माला आला! मी जे कबूल करतो आहे तेच आपण मला खोडून काढण्यासाठी वापरता, तेव्हा आपल्याशी भांडायचे कसे हेच मला कळत नाही.

दुसरा : ‘लेखकाच्या नावात बदल करावयाचा असल्यास मूळ लेखकाचे ना-हरकत पत्र आवश्यक.’ याविषयी मी आपल्या कार्यालयातील सात नंबरच्या टेबलावरील बाईंना प्रत्यक्ष भेटलो. मूळ लेखक वारून अठ्ठावीस वर्षे झाली, असे मी त्यांना सांगितले. त्या डबा झाकत म्हणाल्या, ‘मग वारसांचं आणा.’ मी म्हणालो की, जे त्यांच्या वडिलांनी लिहिलेच नाही त्याबद्दल वारस काय ना-हरकत देणार? त्यावर त्या म्हणाल्या, ‘आजोबा, तुमचीच सही पाहिजे आहे आम्हाला, एवढी एक सही करून टाका ना. लोक नाव यावं म्हणून येतात इथं. तुमचं येतंयच की, अनुवादक म्हणून, खाली, बारीक अक्षरात.’ बाई स्वभावाने वाईट नाहीत. त्यांनी मला पाणी दिले. म्हणून हा राग त्यांच्यावर नाही, आपल्यावर आहे.

तिसरा मुद्दा सर्वांत जिव्हारी लागणारा. ‘आपण ललित लेखक असल्याची नोंद कार्यालयाच्या लेखकसूचीत आढळत नाही. सूचीत आपल्या नावावर पुढील एकच ग्रंथ आहे : शिलाई यंत्र, निगा व दुरुस्ती (संकलक).’

७. महोदय, माझ्या नावावर आणि नावाशिवाय प्रसिद्ध झालेले लेखन मी खाली देतो. आपल्या सूचीत घालावे म्हणून नव्हे, आपल्याला लाज वाटावी म्हणून. नऊ अनुवादित कादंबऱ्या. सहा अनुवादित नाटके. पैकी एकच रंगमंचावर आले आणि त्याचाही शेवट नटाने बदलला. मुलांच्या कवितांची दोन पुस्तके. त्यातली एक कविता आपल्याच पहिलीच्या पुस्तकात ‘पारंपरिक’ म्हणून छापलेली आहे, परंपरा बिचारी तक्रार करीत नाही. चौदा रहस्यकथा, एका बाईच्या नावाने, कारण दोनदिवसचे मत पडले की बाईने केलेला खून जास्त खपतो. त्या बाईंना दोन वाचकांकडून लग्नाची मागणी आली होती. स्वतःच्या नावाची, स्वतःच्या डोक्यातली, एक कादंबरी. तिच्या प्रती प्रकाशकाच्या जिन्याखाली ओल लागून गेल्या. खोकल्याच्या औषधाच्या खोक्यातील सूचनापत्र. आणि आपल्या खोलीबाहेर, दाराच्या डाव्या हाताला जे लाल नळकांडे टांगलेले आहे, त्यावरील मजकूर: ‘पिन ओढा. नळी आगीच्या मुळाशी धरा, ज्वाळांवर नव्हे.’ तोही माझाच अनुवाद आहे. आपल्या संपूर्ण कार्यालयात जीव वाचवू शकेल असे तेवढे एकच वाक्य आहे.

याच कार्यालयाकडे मी माझ्या स्वतःच्या कथा तीन वेळा पाठवल्या होत्या. तिन्ही परत आल्या. शेरा असा: ‘अनुभवाचा अस्सलपणा नाही. भाषांतरित वाटते.’ आणि जो पाठ आपण भाषांतरित म्हणून निवडला, त्याच्या प्रस्तावनेत लिहिले आहे : ‘अस्सल अनुभवाचा दुर्मीळ प्रत्यय.’ दोन्ही शेरे एकाच समितीचे आहेत. मी तारखा ताडून पाहिल्या आहेत.

८. इथपर्यंतचा मजकूर मी डिसेंबरअखेर लिहून ठेवला होता. तेव्हा माझी मागणी एवढीच होती की, पाठाखाली माझे नाव घाला. चांगले लिहिले आहे, मी लिहिले आहे, माझे म्हणा. तो अर्ज टपालात टाकण्याआधी जे घडले त्यामुळे हा अर्ज लांबला.

आपण नव्या पुस्तकाच्या प्रायोगिक प्रती काही शाळांना वाटल्या. त्यातली एक ताईच्या नातीच्या शाळेत गेली. नात नववीत आहे. मोठ्याने वाचल्याशिवाय तिला अभ्यास होत नाही आणि ताईला ऐकल्याशिवाय राहवत नाही. गेल्या रविवारी दुपारी मला ताईचा फोन आला. ‘छोट्या, ये इकडे. येताना चष्मा आण.’ मी एकाहत्तर वर्षांचा आहे. तरी ताटावरून उठून निघालो.

मी गेलो तेव्हा ताई खुर्चीत बसली होती आणि पुस्तक तिच्या मांडीवर होते. तिने मला बस म्हटले नाही. ‘आतल्या शिवणीत बटण,’ ती म्हणाली. ‘हे त्या परदेशी माणसाला कुणी सांगितलं?’ मी सगळे सांगितले. घडी, दोनदिवस, पान १४५, घोडी. घोडीवर नात इतकी हसली की तिला ठसका लागला. ताई हसली नाही. ‘तू मला घोडीच्या जागी पुरलंस,’ एवढेच म्हणाली. मग पुस्तक मिटत म्हणाली, ‘चोरीचा माल लपवायची अक्कल तू माझ्याकडूनच घेतलीस.’ हे वाक्य मला तेव्हा कळले नाही. पुढे कळले. आपल्यालाही कळेल.

९. पाठाखाली आपण स्वाध्याय दिला आहे, वीस गुणांचा. ताई म्हणाली, आण पेन. तिने स्वाध्याय सोडवला. नातीने तो प्रायोगिक प्रतीच्या मागे जोडलेल्या, शिक्षकांसाठीच्या उत्तरपुस्तिकेप्रमाणे, लाल शाईने, एकही गुण जास्त न देता तपासला. ती उत्तरपत्रिका सोबत जोडली आहे. तरी आपण जोडपत्रे उघडत नाही हे अनुभवाने ठाऊक असल्यामुळे काही भाग इथेच उतरवतो.

‘ताईने शाळा का सोडली?’ आपली उत्तरपुस्तिका म्हणते : ‘भावाच्या शिक्षणासाठी तिने स्वतःच्या शिक्षणाचा त्याग केला.’ ताईने लिहिले : ‘गणिताचे मास्तर पट्टीने बोटांच्या पेरांवर मारायचे. कारखान्यात पंखा होता आणि शेजारच्या तिघी आधीच लागल्या होत्या. घरी सांगितलं की छोट्याच्या फीसाठी जाते, म्हणजे आई आडवी येणार नाही.’ गुण शून्य.

‘जादा बटण कशाचे प्रतीक आहे?’ उत्तरपुस्तिका : ‘निःशब्द मायेचे.’ ताई : ‘फाटकावर आमची झडती व्हायची. बटण चोरून आणायचं तर लपवायला जागा नको? म्हणून याचा शर्ट न्यायचे. शिवलेलं बटण कोण काढून बघतंय? घरी आलं की उसवून डब्यात टाकायचे. एखादं राहून जायचं, ते याला सापडायचं.’ गुण शून्य.

‘ताईच्या स्वभावाचे तीन विशेष सांगा.’ उत्तरपुस्तिका : ‘सोशिक, अबोल, त्यागी.’ ताई : ‘तापट. बडबडी. पत्त्यांत हरत नाही.’ गुण शून्य.

‘ताईच्या मृत्यूचा प्रसंग तुम्हाला चटका का लावून जातो, ते तुमच्या शब्दांत लिहा.’ पाच गुणांचा प्रश्न. ताईने लिहिले : ‘ताई मेली नाही. प्रश्न चुकला आहे.’

ताईला वीसपैकी तीन गुण मिळाले, तेही समानार्थी शब्दांना. खाली नातीने रिवाजाप्रमाणे शेरा मारला आहे : ‘पाठ पुन्हा नीट वाचावा.’

१०. महोदय, यापुढचे लिहिणे मला सोपे जात नाही. ताई मला बरे वाटावे म्हणून असे लिहीत असेल, त्याग केला तो केला आणि वर ही थट्टा, अशी शंका मी तिला बोलून दाखवली. त्यावर ती जे बोलली ते शासकीय अर्जात लिहिता येत नाही. मग ती आत गेली आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात बटणे होती. पांढरी, चार भोकांची, निळ्या कडेची; शंभराच्या वर असतील. ‘मजा यायची रे,’ ती म्हणाली. ‘मुकादमाच्या नाकासमोरून.’

मी दहा वर्षांचा होतो तेव्हापासून, म्हणजे एकसष्ट वर्षे, या बाईचे ऋण डोक्यावर घेऊन फिरतो आहे. जे काही लिहिले ते तिच्या नववीच्या रिकाम्या बाकावर बसून लिहीत आहे असे मला वाटायचे. शिलाई यंत्राचे पुस्तकसुद्धा. तिने माझ्या सगळ्या पुस्तकांपैकी तेवढे एकच वाचले आहे, आणि पान २३ वरच्या आकृतीत दोरा उलटा ओवलेला आहे, असे मला दर भेटीत ऐकवते. बाकीची तिच्या कपाटात ओळीने उभी आहेत. मी तिला विचारले की, का वाचली नाहीस? ती म्हणाली, ‘आणून द्यायचास तेव्हा तुझं तोंड असं व्हायचं, जसं काही दंड भरायला आला आहेस. उघडावंसंच वाटायचं नाही.’

नंतर तिने मला एकच प्रश्न विचारला. ‘मला एकदा विचारलं असतंस तर?’

विचारता आले असते. मूळ लेखक समुद्रापार होता आणि त्याचे पुस्तक अर्धवट बांधलेले होते. ताई चार गल्ल्या सोडून राहते. मी जन्मभर लोकांच्या मजकुरातला एकेक शब्द चार-चार कोशांत पाहून मगच लिहिला. स्वतःच्या बहिणीला मात्र न विचारता सोळा पानांत बसवले, आणि वर ती माझी उत्कृष्ट सोळा पाने आहेत म्हणून आपल्याशी भांडायला निघालो होतो. मला स्वतःचा राग आला आहे. तो आपल्यावरचा राग कमी करीत नाही, दोन्ही एकाच वेळी मावतात.

११. सबब, माझ्या मागण्या आता पुढीलप्रमाणे आहेत, आणि त्या नोव्हेंबरातल्या मागण्यांहून वेगळ्या आहेत याची नोंद घ्यावी.

(अ) पाठाखालचे मूळ लेखकाचे नाव काढून माझे घालावे. मोठेपणासाठी नव्हे, ती हौस रविवारी फिटली. मूळ लेखकाने त्याच्या पुस्तकात फक्त एक म्हातारी घोडी मारली, तीही वयोमानाने. माझ्या बहिणीला मी मारले आहे. ते त्या भल्या माणसाच्या नावावर दहा वर्षे छापत राहणे अन्यायाचे होईल. त्यामुळे मी अनुवादक म्हणून लबाड ठरलो तर ठरेन, आहेच.

(आ) पाठाचे शेवटचे दोन परिच्छेद काढून सोबत जोडलेल्या अकरा ओळी घालाव्यात. त्या मी लिहिल्या असून ताईने तपासल्या आहेत. तिने चार ठिकाणी काट मारली. प्रत्येक ठिकाणी तिचेच बरोबर होते.

(इ) स्वाध्याय मागे घ्यावा, किंवा ताईची उत्तरे बरोबर धरावीत. पैकी काय सोयीचे ते आपण ठरवावे. पण हजारो मुलींना ‘सोशिक, अबोल, त्यागी’ असे पाठ करून तीन गुण कमवायला लावू नये. माझी घोडचूक आहे. तिला शासनाने गुण देऊ नयेत.

(ई) यातले काहीच जमत नसेल तर पाठ अकरा समूळ वगळावा. पाने रिकामी राहतील अशी चिंता वाटल्यास तिथे अग्निशमन यंत्राच्या सूचना छापाव्यात. त्या मुळाबरहुकूम असल्याचे प्रमाणपत्र मी त्याच दिवशी देईन.

१२. आपण मागितलेले प्रमाणपत्र सहीची जागा कोरी ठेवून परत करीत आहे. हा पाठ मुळाबरहुकूम आहे की नाही, हे सांगण्याचा अधिकार मला नाही, आपल्या समितीला नाही आणि मूळ लेखकाच्या वारसांनाही नाही. तो ज्या व्यक्तीला आहे, ती सोमवार, दि. १२ जानेवारी रोजी सकाळी ठीक अकरा वाजता आपल्या कार्यालयात येत आहे. तिचे वय शहात्तर आहे. आपली लिफ्ट ऑगस्टपासून बंद आहे आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत तिचे गुडघे येत नाहीत. ती खाली पहारेकऱ्याशेजारच्या बाकावर बसेल. तेव्हा आपणच खाली यावे. येताना उत्तरपुस्तिका आणावी. तिला त्यावर आपल्याशी बोलायचे आहे. बटणांचा डबा ती बरोबर आणणार आहे. ती बोलायला लागली की मध्ये थांबत नाही, म्हणून जेवणाच्या सुट्टीनंतरची कामे त्या दिवशी ठेवू नयेत.

मी तिच्या शेजारी बसलेला असेन. मला काही विचारू नये. मी फक्त ऐकायला येणार आहे.

आपला, या अर्जाच्या शेवटापर्यंत कसाबसा नम्र राहिलेला,

(सही)
अर्जदार,
संकलक, ‘शिलाई यंत्र, निगा व दुरुस्ती’
(बारावी आवृत्ती, पान २३ वरील आकृती दुरुस्त करून)

दि. ९ जानेवारी

सोबत :
१. प्रमाणपत्राचा नमुना, सही न केलेला.
२. मूळ कादंबरीच्या धड प्रतीतील पाने १२९ ते १४४ ची छायाप्रत. घोडीचा मजकूर अधोरेखित.
३. पाठ अकराचा नवा शेवट, अकरा ओळी, चार काटांसह.
४. ताईची उत्तरपत्रिका, वीसपैकी तीन गुण.
५. ताईचा हयातीचा दाखला, तिला दरवर्षी नोव्हेंबरात पेन्शनसाठी काढावा लागतो तो. छायाप्रत. मूळ सोमवारी बाकावर पाहायला मिळेल.